बुलंद की मरुत

कोपरखैरणे
४ फेब्रुवारी १९९६

ती. दादांना शालनचा नमस्कार,

वहिनींच्या गुडघ्याला तेल लावून फरक पडला का ते कळवा. आज लिहायचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला विचारण्यासारखं नाही. आम्हाला गाडी घ्यायची आहे.

दचकू नका. मिरवायची नव्हे, मालाची. आम्हा बायकांचं जेवणाचं काम वाढलंय हे तुम्हाला माहीत आहे. पहाटेपासून आम्ही रांधतो आणि दुपारचं जेवण महाप्याच्या तीन कारखान्यांत जातं. माझ्या जोडीला पुतळाबाई आहेत. त्या इथल्या मूळ गावच्या, आगरी, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. भात त्यांच्या हातचा, आमटी-भाजी माझ्या हातची, चपात्यांना बाकीच्या बायका. रांधण्यात आम्ही कुठं कमी पडत नाही. अडतं ते पोचवण्यात.

ते काम मानसिंगकडं आहे. तोच, आपल्या शेजारच्या वाडीचा. गावचा माणूस म्हणून त्याचा टेंपो भाड्यानं लावला. आता तो वाटेल तेव्हा येतो. आमचे टोप भरून दारात उभे, आणि हा तुर्भ्याच्या मार्केटात कुणाचे तरी कांदे टाकायला गेलेला. मागच्या आठवड्यात कारखान्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, कामगारांची जेवणाची सुट्टी तुमच्या टेंपोसाठी थांबत नाही, पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देऊ. मानसिंगला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "माझ्याशिवाय नेणार कशानं? डोक्यावरनं?"

त्याच दिवशी मी ठरवलं. बँकेनं आमच्या महिला मंडळाच्या नावावर कर्ज मंजूर केलंय, त्याची काळजी करू नका. प्रश्न एवढाच आहे की दोन गाड्यांपैकी कुठली घ्यायची. एक बुलंद, पुढं नाक असलेली, कळंबोलीला मिळते. ट्रकवाले तिचंच नाव घेतात. दुसरी मरुत, चपट्या तोंडाची, नवीन निघालेली. तिचं शोरूम तुर्भ्याला आहे. बुलंदचा हौदा मोठा पण उंच. मरुतचा लहान पण खाली. पुतळाबाई म्हणतात, "गाडी कंची पन आन, पन टोप ठेवाची जागा माझे कंबरेवर नको."

तुम्ही मिलिटरीत सगळी नोकरी गाड्यांवर काढलीत. तुम्ही सांगाल ती बघू. ड्रायव्हर बाहेरचा ठेवायचा नाही, चालवायला माणूस घरातलाच आहे.

तुमची
शालन


खडकवाडी, ता. कोरेगाव
१५ फेब्रुवारी १९९६

चि. शालनला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं ते मी पारावर न वाचता घरी आणून वाचलं, आणि बरं केलं. मानसिंगचा चुलता पारावरच बसलेला असतो.

आधी एक सांगतो. आमच्या मेहुण्यानं, पंढरीनं, मार्केटातली हमाली सोडली आणि तुमच्या कामात लक्ष घातलं, हे मला मनापासून आवडलं. गाडी घरच्या माणसानं चालवावी. भाड्याचा ड्रायव्हर गिअर टाकतो तेव्हा मालकाचा जीव जातो.

आता गाडीचं. डोळे झाकून बुलंद घे. मरुत मी साताऱ्याला बघितली. दिसायला झकपक आहे, आत बसायला मऊ. पण तिचं इंजिन सीटखाली. बघायचं झालं तर आधी ड्रायव्हरला उठवावं लागतं. आणि चपट्या तोंडाच्या गाडीत सगळ्यात पुढं काय असतं, तर ड्रायव्हरचे गुडघे. नाकाच्या गाडीत आधी लोखंड मोडतं, मग माणूस. लेहच्या रस्त्याला आमच्या ताफ्यात दोन्ही जातीच्या गाड्या होत्या. जास्त काही लिहीत नाही.

बुलंदचं स्टिअरिंग जड आहे हे खरं. पण पंढरीच्या हातांना ते खेळणं. यात्रेत त्यानं छातीवर घेतलेल्या दगडाची आठवण लोक अजून काढतात. त्याला सांग, इंजिन थंड असताना चालू करून बघ. शोरूमवाले आधीच गरम करून ठेवतात. चढावर अर्ध्यात थांबवून पुन्हा उचल, मागं सरकते का बघ. आणि क्लच सोडताना घाई नको, ते पहिलवान लोकांना जमत नाही.

मानसिंगला आत्ताच काही बोलू नकोस. गाडी दारात उभी राहिली की आपोआप कळेल.

वहिनीचा गुडघा तसाच आहे.

हौसेराव


कोपरखैरणे
१० मार्च १९९६

ती. दादांना नमस्कार,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं. बुलंद थंड असताना पहिल्या फटक्याला चालू झाली. मरुतला थोडं मनवावं लागलं. चढावर दोन्ही धरून राहिल्या.

पण आमची म्हणून एक परीक्षा होती, ती तुम्ही लिहिली नव्हती. आम्ही विटा नेत नाही, आमटी नेतो. म्हणून पुतळाबाईंनी एक मोठा टोप काठोकाठ आमटीनं भरला आणि तो हौद्यात ठेवून ठाणे-बेलापूर रस्त्यावर दोन्ही गाड्या फिरवून आणल्या. तो रस्ता तुम्ही बघितला नाहीत. ट्रकांनी त्याची चाळण केलीय. मरुतच्या सेल्समननं हौद्यात वर्तमानपत्रं अंथरली आणि तोंडाला रुमाल लावला. बुलंदवाला हसत सुटला, पण नको म्हणाला नाही.

मरुतमधनं टोप परत आला तेव्हा वरची तर्री तेवढी गेली होती. बुलंदमधला अर्धा झाला होता, आणि पुतळाबाई मागं बसल्या होत्या त्या आमटीनं पिवळ्या होऊन उतरल्या. म्हणाल्या, या गाडीनं जेवन नेलं तं लोकांनी तं गाडीलाच चाटाचं. वर हौदा त्यांच्या छातीला लागतो ते वेगळंच.

तेव्हा दादा, तुमचं मन मोडायचं नाही, पण आमचा कल मरुतकडं झुकलाय. लेहला तुम्ही पोती आणि माणसं नेलीत, आमटी नेली नसेल.

मानसिंगला कळलंच. कळंबोलीतल्या कुणीतरी सांगितलं. परवा टेंपो लावायला आला तेव्हा खाली न उतरता मला म्हणाला, घ्या घ्या गाडी, बघतो किती दिवस चालते. तो पाडव्यानंतर यात्रेला गावी येणार आहे. काही बोलला तर कानावर घेऊ नका.

इकडं सगळे बरे आहेत. हे पण बरे आहेत.

शालन


खडकवाडी
८ एप्रिल १९९६

शालन,

मानसिंग यात्रेला आला होता. देवळापुढं चार गावची माणसं जमलेली असताना त्यानं मला विचारलं, "हवालदारसाहेब, तुमची बहीण ड्रायव्हरकी शिकली म्हणं, तुम्हीच शिकवली का?" मी म्हणालो, काहीतरी बोलू नकोस, गाडी पंढरी चालवणार आहे. त्यावर तो हसला आणि म्हणाला, पंढरीला तर खाली वाकून चप्पल घालता येत नाही. सगळे हसले. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

आता तू मला सांग, यातलं खरं काय. चालवणारा माणूस घरातला आहे असं तू लिहिलंस. मी पंढरी समजलो. तू समजू दिलंस. मी इथं बसून क्लच सोडण्याचे धडे लिहितोय, आणि लोकांना माझ्या घरातलं माझ्याआधी ठाऊक.

मालाची गाडी ही बाईची जागा नाही. मी त्या दुनियेत आयुष्य काढलंय. ट्रकच्या अड्ड्यावर बायकांबद्दल काय बोलतात ते मी ऐकलंय, आणि ते तुझ्याबद्दल कुणी बोलावं हे मला सहन होणार नाही. चाक पंक्चर झालं तर भर रस्त्यात तू गाडीखाली जाणार का? कुणी गाडी आडवी घातली तर काय करणार? आपल्या घरातली बाई आजवर बैलगाडीच्या धुरेवरसुद्धा बसलेली नाही.

गाडी घेऊ नकोस. मानसिंगशी मी बोलतो, तो वेळेवर येईल असं करतो. शब्द मोडून गाडी घेतलीस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. हे रागात लिहिलेलं नाही, रात्रभर विचार करून लिहिलंय.

हौसेराव


कोपरखैरणे
१५ एप्रिल १९९६

दादा,

तुम्ही खरं काय ते विचारलंत, म्हणून खरं लिहिते.

दोन वर्षांमागं मार्केटात कांद्याची थप्पी कोसळली. हे खाली सापडले. पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल फिराल, पण ओझं उचलायचं नाही आणि जास्त वेळ बसायचंही नाही. गाडी चालवणं तर लांबच. गावाला सांगू नकोस ही यांची शपथ होती. यात्रेतल्या दगडाची आठवण लोक अजून काढतात ना, म्हणूनच. ज्या गावात माणूस त्या दगडानं ओळखला जातो, तिथं त्यानं काय तोंडानं सांगायचं? ती शपथ मी पाळली. आता मानसिंगनं ती चार गावांपुढं मोडली, आणि तुम्ही मला सांगताय, त्याच्याशी मी बोलतो.

बोलू नका. त्याच्या उपकारावर आमची चूल पेटणार असेल तर ती आम्ही विझवू.

गाडी मी शिकले. गेल्या वर्षी साधं लायसन्स मिळालं, या वर्षी मालाच्या गाडीचं. चोरून शिकले नाही. वाशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळी जात होते, आणि हे रोज रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. तुम्हाला मात्र लपवलं, ते तुम्ही हेच लिहिणार हे माहीत होतं म्हणून.

मरुतच्या शोरूममध्ये काय झालं तेही लिहिते. सेल्समन सगळं यांच्याशी बोलत होता. मी विचारायचे आणि उत्तर यांना मिळायचं. शेवटी त्यानं किल्ली यांच्यापुढं धरली, साहेब तुम्ही चालवून बघा. हे म्हणाले, "मला भाजी चिरता येते. गाडी हिला येते." तर तो म्हणाला, लेडीजला ट्रायल देत नाही, कंपनीचा नियम आहे. नियम कुठं लिहिलाय विचारलं तर तो त्याला दाखवता येईना. शेवटी आमटी ठेवून त्यानंच फिरवून आणली. कळंबोलीचा बुलंदवाला लायसन्स बघून बाजूला सरकला एवढंच. ती मी चालवली. स्टिअरिंग जड आहे. पण टोप काय हलके असतात?

अड्ड्यावर बायकांबद्दल काय बोलतात ते तुम्ही ऐकलंत. मीही ऐकते. चूल फुंकणाऱ्या बाईबद्दलही बोलतात, पाणी भरणाऱ्या बाईबद्दलही बोलतात. ते बोलतात म्हणून मी पाणी भरायचं सोडलं नाही.

पंक्चर झालं तर गाडीखाली जाईन.

दादा, माझं दार तुमचंच आहे, ते मी बंद करणार नाही. तुम्हाला पाय ठेवायचा नसेल तर तुमची मर्जी. गाडी मी घेणार.

शालन


कोपरखैरणे
२० मे १९९६

ती. दादांना पंढरीचा दंडवत,

मला लिहायची सवय नाही. शालनला न सांगता लिहितो आहे. ती तुमच्या पत्राची वाट बघते पण बोलून दाखवत नाही, म्हणून लिहितो.

मागच्या सोमवारी मानसिंगचा टेंपो आला नाही. आधी निरोप नाही, काही नाही. चौकशीला गेलो तर टेंपो नाक्यावर उभा होता आणि तो आत बसून तंबाखू मळत होता. मला म्हणाला, आता तुमची गाडीच येणार आहे ना, मग मला कशाला बोलावता. दुसरा टेंपो बघितला तर नाक्यावरचा एकही यायला तयार होईना. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

घरी येऊन सांगितलं. टोप भरून तयार होते. शालननं टोप मोजले. मग मला म्हणाली, मार्केटातनं हातगाड्या आणा.

माझ्या जुन्या टोळीतली माणसं आहेत. गंगाराम नावाचा गडी आहे, त्यानं कशाला हे न विचारता हातगाड्या काढून दिल्या. ते सगळे कामावर होते, त्यांना येता येईना. बायकांनी टोप चढवले, दोरीनं बांधले, वर ओली पोती टाकली आणि ढकलायला लागल्या. शालन पहिल्या गाडीला. पुतळाबाई एवढ्या वयाच्या, पण त्यांनीही खांदा लावला. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा होता. ट्रक थांबत नाहीत तिथं. मला ओझं लावता येत नव्हतं, म्हणून मी लाल फडकं घेऊन पुढं झालो आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ट्रकवाले शिव्या देत होते. मी हललो नाही. सगळ्या गाड्या पार झाल्या तेव्हा बाजूला झालो.

महाप्याच्या बाजूला थोडा चढ आहे. तिथं बायकांचा दम निघाला. नाक्यावरून मानसिंग आणि त्याचे मित्र बघत होते. कुणीतरी शिट्टी मारली. शालननं तिकडं बघितलंसुद्धा नाही. पुतळाबाईंनी बघितलं आणि आगरीत जे काही सुनावलं ते पत्रात लिहिता येणार नाही.

उशीर झाला होता. जेवणाची सुट्टी संपायला आली होती. पण कामगार फाटकाशी उभे होते. त्यांनी स्वतः टोप उतरवून घेतले. साहेब बाहेर आले, हातगाड्या बघितल्या, आणि म्हणाले, आज जेवणाची सुट्टी अर्धा तास जास्त. काम गेलं नाही.

तेव्हापासून आम्ही रोज असंच नेतोय. लवकर निघतो, वेळेत पोचतो. पण बायकांचे हात सोलवटलेत. शालनचे तळवे तुम्ही बघितलेत तर तुम्हाला राहवणार नाही.

दादा, मी एकच सांगतो. पाठ गेली तेव्हा मला वाटलं, आता आपण कशालाच कामाचे नाही. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो तेव्हा तसं वाटलं नाही. शालन गाडी घेणारच. तुम्ही रागावला असलात तरी गाडीबद्दल काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा. ती अजून मरुत की बुलंद यात अडकली आहे. तुमच्यासारखं जाणणारं दुसरं कुणी आम्हाला नाही.

आपला
पंढरी


खडकवाडी
२९ मे १९९६

चि. पंढरीस,

पत्र मिळालं. तुझ्या पाठीचं मला आधी कळायला हवं होतं. तुझी शपथ होती म्हणून शालनला बोलत नाही, तुला बोलतो. दगड काय, यात्रा संपली की तो माळावर पडलेला असतो, कुत्रं त्याच्यावर पाय वर करतं. त्याच्यासाठी सख्ख्या मेहुण्यापासनं लपवायचं नसतं.

हातगाड्यांचं मानसिंगनं मला सांगितलं नव्हतं. यात्रेत सगळं सांगून झालं त्याचं, नंतर चुलत्याला पत्रंही येतात, पण ही गोष्ट नेमकी गावात आली नाही. मी त्याच्या चुलत्याला पारावर जाऊन सांगितली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

शालनला सांग, माझा राग गेलेला नाही. मालाच्या गाडीबद्दलचं माझं मतही बदललेलं नाही. पण हात सोलवटेपर्यंत हातगाडी ढकलण्यापेक्षा गाडी घेतलेली बरी, आणि घ्यायचीच तर चुकीची घेऊ नये. म्हणून हे लिहितो.

तुम्ही आमटीची परीक्षा घेतलीत ती अर्धी घेतलीत. मालाच्या गाडीचे पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, ओझ्यासाठी असतात. गाडी रिकामी असली की ते काठीसारखे ताठ राहतात आणि गाडी उडते. बुलंदचे पाटे जाड, म्हणून ती जास्त उडाली. एका टोपाला ती रिकामीच समजते. मरुतचे पाटे मऊ, रिकाम्या गाडीत ते बरे वाटतात, पण पूर्ण भरल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलंच नाही. सगळे टोप ठेवा, पाणी भरून ठेवा, वर सगळ्या बायका बसवा आणि मग दोन्ही गाड्या चालवा. महाप्याच्या त्या चढावर न्या. उतारावर ब्रेक मारून बघा. त्यानंतर जी बरी वाटेल ती घ्या. मग मरुत घेतलीत तरी माझं काही म्हणणं नाही.

आणखी एक. पेरण्या उरकल्या की मी येतो. दुसरा चांगला ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी मी चालवीन. हात अजून शाबूत आहेत. शालनला हे पटवून दे. तू नवरा आहेस, तुझं ऐकेल.

हौसेराव


कोपरखैरणे
१८ जून १९९६

ती. दादा,

यांना आलेलं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचताना स्वतःच हसले.

तुमचं म्हणणं बरोबर निघालं. मी पुन्हा मरुतच्या शोरूमला गेले. त्या माणसाचा राग धरून गाडी नाकारायची नाही, असं मी ठरवलं होतं. राग माणसाचा, गाडीनं काय केलंय? या वेळी सोबत सगळे टोप होते, सगळ्या बायका होत्या, आणि लायसन्स मी त्याच्या टेबलावर ठेवलं. तो नियमाचं बोलायला लागला तेव्हा पुतळाबाई तिथल्या मऊ खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आमी हाय इथंच. नियम गावला का हाक मार." बाकीच्याही बसल्या. शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईक शिरायला जागा उरली नाही. मग त्याचा मोठा साहेब आतून आला, लायसन्स बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मरुत चालवायला लोण्यासारखी आहे, खोटं कशाला बोलू. पण भरल्यावर तिचं मागचं अंग बसलं आणि तोंड वर झालं. चढावर ती धापा टाकत गेली. उतारावर ब्रेक मारला तर ती थांबायच्या आधी बराच वेळ विचार करत राहिली. मागनं बायका एकदम गप्प झाल्या, त्यावरनंच मला कळलं.

मग तसेच सगळे कळंबोलीला गेलो. बुलंदमध्ये तेच टोप, तेवढंच पाणी, त्याच बायका. ओझं पडल्यावर ती जमिनीला धरून बसली. चढ कळला नाही. ब्रेक मारला तिथं थांबली. पाणी सांडलं, पण थोडं. हात मात्र दुखले, तेवढं मान्य करते.

बुलंद घेतली. पांढरी. उंचीचा प्रश्न होता तो कळंबोलीच्या लोखंड बाजारातच सुटला. तिथल्या वेल्डरनं मागच्या फाळक्याला लोखंडी पायरी करून दिली, दुमडता येते. पुतळाबाई त्यावर चढून उतरून बघत होत्या तेव्हा अख्खा बाजार बघत होता.

आता रोज मी नेते. पहिल्या दिवशी नाक्यावरनं जाताना मानसिंगचा टेंपो आडवा उभा होता, मुद्दाम. मी हॉर्न दिला नाही. इंजिन चालू ठेवून त्याच्या दारापासून हातभर अंतरावर उभी राहिले आणि त्याच्याकडं बघत बसले. मागं गाड्यांची रांग लागली, त्या सगळ्या हॉर्न द्यायला लागल्या, त्याला. शेवटी त्यानं टेंपो काढला.

तुम्ही येतो म्हणालात, जरूर या. माझ्या दारात पाय ठेवणार नाही या तुमच्या शब्दाचं काय करायचं ते तुम्ही बघा. पण गाडी मी चालवणार. चांगला ड्रायव्हर मिळालेला आहे, दुसरा शोधायचा नाही. तुम्हाला डावीकडं बसावं लागेल. तिकडची सीटही बरी आहे.

शालन


खडकवाडी
२४ नोव्हेंबर १९९६

चि. शालनला आशीर्वाद.

तुझ्याकडनं आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिलं. खरिपाची काढणी झाली, ज्वारी चांगली आहे. वहिनीचा गुडघा थंडीनं पुन्हा धरलाय.

तुला तिथं असताना बोललो नाही ते आता लिहितो. तुझ्या शेजारी डावीकडं बसलो त्या पहिल्या दिवशी मी सगळ्या वाटेत उजव्या पायानं ब्रेक दाबत होतो. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा. घरी आल्यावर पोटरी भरून आली होती. पुलापाशी तो पाण्याचा टँकर अंगावर आला, तेव्हा मी हात पुढं केला, स्टिअरिंग धरायला. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "दादा, हात." मी हात मांडीवर ठेवला. तू गाडी कडेला घेतलीस, टँकर गेला, मागं एक टोपसुद्धा वाजला नाही. मी असतो तर मीही तिकडंच घेतली असती. कदाचित थोडी उशिरा.

तिसऱ्या दिवशी पोटरी दुखली नाही, तेव्हा मला कळलं की मी ब्रेक दाबायचा सोडलाय.

क्लच तू अजून अर्धवट दाबून ठेवतेस ते मात्र सोड. प्लेट जाईल.

पंढरी फाटकावर उभा राहून हिशेबानं टोप उतरवून घेत होता, कामगार त्याला पंढरीशेठ म्हणत होते. ते मी इथं सांगितलं. पाठीचंही सांगितलं, त्याच्या परवानगीनं. कुणी हसलं नाही. हसायचं होतं ते यात्रेत हसून झालं होतं.

दिवाळीला मानसिंग आला होता. पारावर पाच-पन्नास माणसं. मी देवळातनं येत होतो. त्यानं लांबूनच आवाज दिला, "काय हवालदार, बहीण टेंपो हाकते म्हणं तुमची, आणि तुम्ही शेजारी बसून आलात."

मागच्या वेळी मला बोलायला सुचलं नव्हतं. या वेळी मी चपला काढल्या, पारावर चढलो, त्याच्या शेजारी जागा करून बसलो, आणि म्हणालो, "टेंपो नव्हे रे, बुलंद आहे. आणि हाकत नाही, चालवते. हाकतात ते बैल."

हौसेराव